हनुमान टिब्ब्यावरची चतुर्थी

साकेत नगर

महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला मी जरीची साडी, नाकात नथ आणि पायांत डोंगर चढायचे बूट अशी गेले. दाराशी नाजूक चपलांची रांग लागली होती. तिच्यात माझे बूट काढून ठेवले, तर लग्नमंडपात ट्रॅक्टर येऊन उभा राहिल्यासारखे दिसायला लागले. आत सगळ्याजणी माझ्या पायांतल्या जाड लोकरी मोज्यांकडे बघत होत्या.

"अगं उज्वला, पायाला काही लागलंय का?"

"लागलं नाही, लागू नये म्हणून घातलेत," मी म्हटलं. "नवे बूट आहेत. महिनाभर घालून मऊ करायचेत. तसं सांगितलंय."

"कुणी?"

"हिमालयातल्या माणसानं."

त्यावर जी हशाची लाट उठली ती देवापुढची समई विझवते की काय असं वाटलं. हसू देत. त्या बायांना काय ठाऊक, मी पंचावन्नाव्या वर्षी बर्फाचं शिखर चढायला निघाले होते. ठाऊक होतंही बहुतेक. साकेत नगरात कुणाची शिंक लपत नाही.

आम्ही मूळचे नागपूरचे. आजेसासरे सरकारी कचेरीच्या पेट्यांबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. आता आम्ही गच्चीला छत म्हणतो, भाजीला सब्जी म्हणतो, पोरं तर अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. पण पुण्या-मुंबईचे लोक ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्याच, आणि त्यांच्या जेवणात पुरणपोळीच.

हे डोंगराचं खूळ माझं जुनं. मुलं लहान असताना एकदा मनालीला गेलो होतो, सासू-सासऱ्यांसकट. त्या सहलीत मी काय पाहिलं? हॉटेलच्या खोलीत लपवून लावलेली खिचडी, आणि बसमध्ये उलट्या करणाऱ्या पोरांची डोकी. शेवटच्या दिवशी बर्फाला हात लावून फोटो काढला. तेवढ्यात मागे मान वळवली, आणि रस्ता जिथे संपत होता त्याच्याही वर, ढगांच्याही वर, एक पांढरं टोक दिसलं. मी बघतच राहिले. "चला, चला, बस निघाली," म्हणून यांनी हाक मारली. बसले बसमध्ये. पण त्या दिवसापासून मला एकदा तरी, रस्ता संपतो तिथून पुढे जायचं होतं. एवढीच हौस होती, पण ती काही केल्या जाईना.

मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, मी घरी शिकवण्या घेते त्यातून चार पैसे साठले, आणि मी शोधून काढलं की मनालीजवळ फ्रेंडशिप नावाचं एक शिखर आहे. सव्वापाच हजार मीटरच्या वर. वाटाडे बरोबर असतात, दोर, तंबू, स्वयंपाकी सगळं ते बघतात. आपण फक्त आपले पाय न्यायचे.

"पायच तर नाहीत तुझे," मालूताई म्हणाल्या.

मालूताई म्हणजे माझी नणंद. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. आयुष्यभर नर्स होत्या, आता निवृत्त. लग्न केलं नाही; त्याचं त्यांना काही वाटत नाही, बाकीच्यांनाच वाटतं. उंच, सडसडीत, आणि जिभेला इंजेक्शनची सुई. "मी येते तुझ्याबरोबर," त्यांनी जाहीर केलं. "तुला काही झालं तर माझा भाऊ मला बोल लावेल. शिखर-बिखर मला काही नको. खाली तंबूत बसून राहीन."

मोबाइलवरचा खेमराज

जुलैत आमच्या वाटाड्याशी मोबाइलवर व्हिडिओनं बोलणं झालं. खेमराज त्याचं नाव, मनालीच्या वरच्या एका गावातला. चाळिशीचा असेल. मागे लाकडी घर, अंगणात सफरचंदं, आणि फोनमध्ये अधूनमधून एक गाय तोंड घालायची.

त्यानं तीन अटी सांगितल्या. दिवसभर पाणी प्यायचं. तिन्ही वेळा जेवायचं, भूक असो नसो. "और तीसरी बात, झूठ नहीं. सिर दुखता है तो बोलना है. उलटी हुई तो बोलना है. जो छुपाता है, उसको मैं ऊपर नहीं ले जाता. चाहे कोई भी हो."

"बिलकुल," मी म्हटलं.

मालूताईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "लिखकर ले लो इससे," त्या खेमराजला म्हणाल्या. तो हसला. गायही हसल्यासारखी वाटली.

मग सुरू झाली तयारी. रोज पहाटे मनुआभान टेकरी. पाठीवर पिशवी, पिशवीत तुरीची डाळ आणि तांदूळ, वजनासाठी. पहिल्या दिवशी अर्ध्या पायऱ्यांवर माझा जीव नाकातोंडात आला. मालूताई वर पोचून कठड्याला टेकून माझी वाट बघत होत्या. "वर जाऊन भात लावायचा आहे का गं? मग लवकर चल, भूक लागली." त्यांनी माझी तयारी अशी ताब्यात घेतली जशी वॉर्डात नवी मुलगी रुजू झाली आहे. नाडी मोजायच्या. बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या. मी बसले की, "उठ. बसायचं नाही. ड्यूटीवर बसलेलं मला आवडत नाही."

पण वर पोचलं की समोर मोठा तलाव उघडा व्हायचा. पहाटेच्या धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं कळायचं नाही. इतकी वर्षं भोपाळात काढली, आणि आपलं गाव असं दिसतं हे मला या खुळामुळे कळलं. मालूताईही तेवढ्यापुरत्या गप्प बसायच्या.

बिट्टन मार्केटच्या हाटात सब्जी घ्यायलाही मी पायीच जाऊ लागले, येताना सगळं पाठीवर. एकदा अख्खा भोपळा पिशवीत घातला तेव्हा सब्जीवाली म्हणाली, "क्या भाभी, ऑटोवालों से झगड़ा हो गया क्या?" शेजारच्या आल्या-लसणीवाल्याला तिनं सांगितलं की ही बाई पहाड चढणार आहे. त्यानं मूठभर आलं फुकट घातलं. "ऊपर काम आएगा, ठंड में." ते आलं मी खरंच वर नेलं.

छतावरचा चंद्र

आता चतुर्थीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला एकच गोष्ट दिली, ती म्हणजे संकष्टी चतुर्थी. त्यांची चतुर्थी कडक. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याचे लाडू हे असले लाड नाहीत. दिवसभर चहा-पाणी. रात्री छतावर जाऊन चंद्र पाहायचा, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य, आरती, मगच जेवण. आभाळ भरून आलं असेल तर कॅलेंडरात दिलेल्या वेळेला हात जोडायचे. पण आभाळ निरभ्र असताना घड्याळ बघून जेवणं त्यांना मुळीच चालत नसे. "देवाला काय गाडी पकडायची आहे?" म्हणायच्या.

खरं तर त्यांनी आधी मालूताईंना विचारलं होतं, पोटच्या लेकीला. मालूताईंनी सरळ नाही म्हटलं. "मला ड्यूटीवर चक्कर आली तर पेशंट कोण बघेल?" मग ती चतुर्थी माझ्याकडे आली. मी ती कधी चुकवली नाही. बाळंतपणात नाही, तापात नाही.

आणि दसऱ्यानंतरच्या चतुर्थीला तर आमच्या छतावर जत्रा असते. कारण त्याच दिवशी दुबे भाभी आणि इतर शेजारणींची करवा चौथ येते. एका बाजूला त्या नटूनथटून चाळणी घेऊन उभ्या, एका बाजूला मी नैवेद्याची वाटी घेऊन. त्यांचा उपास नवऱ्यासाठी, माझा सासूबाईंसाठी, पण भूक सारखीच. फोनवर फोन चालू. "शाहपुरा में दिख गया क्या?" "नहीं, अभी पानी की टंकी के पीछे है!" सगळ्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या, आणि चंद्र दिसला की सगळ्या छतांवरून एकदमच ओरडा होतो. माझे हे खाली जेवायला ताटकळलेले असतात.

खेमराजची तुकडी दसऱ्यानंतर निघणार होती. मी कॅलेंडर काढलं आणि बोटं मोजली. नेमकी चतुर्थी वरच्या तळावर येत होती. त्या रात्री दीडच्या सुमाराला शिखराकडे निघायचं. चंद्रोदय सव्वाआठ. म्हणजे दिवसभर उपास, सव्वाआठला चंद्र, साडेआठला जेवण, मग चार तास झोप आणि निघायचं. किती छान जमलं! मला वाटलं बाप्पानंच तारीख ठरवली.

त्याआधीच्या चतुर्थीला मनुआभान टेकरी उपाशीपोटी चढून मी रंगीत तालीमही केली. कुणाला सांगितलं नाही. काही झालं नाही. वर पोचल्यावर थोडे काजवे चमकले, पण ते उन्हानेही चमकतात. झालं तर मग! सांगायचं कशाला? विचारलं असतं तर खोटं बोलले नसते. पण कुणी विचारलंच नाही.

बकरथाच

दसऱ्याला आपट्याची पानं वाटली आणि दुसऱ्या दिवशी निघालो. सीमोल्लंघनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे एक दिवस उशिरा का होईना, शब्दशः सीमा ओलांडली. दिल्लीची गाडी आणि पुढची बस यांचं काय सांगायचं, बसलो आणि उतरलो. कुल्लूत मात्र त्यांचा दसरा नुकताच सुरू झाला होता. आपला संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो! गावोगावचे देव पालख्यांतून मैदानात मुक्कामाला आले होते. बस गर्दीत अडकली, आणि खिडकीतून मी एका देवाला अगदी हातभर अंतरावरून पाहिलं. चांदीचे मुखवटे, रंगीत वस्त्रं, आणि पालखी खांद्यावर अशी उसळत होती की देवालाच नाचायचं आहे असं वाटावं. मालूताईंचे हात आपोआप जोडले गेले. मी ते पाहून ठेवलं.

रस्ता धुंदी नावाच्या जागी संपतो. मी तिथे उभी राहिले आणि मागे वळून पाहिलं. ही ती जागा नव्हे, पण तसाच रस्ता, तसाच शेवट. या वेळी हाक मारायला कुणी नव्हतं. "काय गं, रडतेस?" मालूताईंनी विचारलं. "वारा आहे," मी म्हटलं. वारा अजिबात नव्हता.

तुकडीत आणखी पाच जण होते, पुण्या-बेंगळुरूची तरणीताठी मंडळी. त्यांच्या घड्याळांना त्यांची झोपसुद्धा कळायची. आम्हा दोघींना ते "मावशी" म्हणू लागले, आणि मालूताईंनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या पायांचे फोड तपासायला घेतले.

बकरथाच म्हणजे बकऱ्यांचं कुरण. पिवळं पडलेलं गवत, मधून नदी, आणि तिन्ही बाजूंना डोंगर. डोंगर हा शब्द मी आजवर मनुआभानलाही वापरत आले होते याची मला तिथे लाज वाटली. पश्चिमेला हनुमान टिब्बा. टिब्बा म्हणजे टेकाड म्हणे! अहो, मान मागे टाकून टाकून दुखायला लागते तरी त्याचं टोक सापडत नाही. पांढरा, रुंद खांद्यांचा, खरोखर मारुतीराय बसल्यासारखा. त्याच्यासमोर मोठ्यानं बोलायचंही धाडस होईना. कोजागिरी तिथेच झाली. भोपाळहून नेलेला दुधाचा मसाला मी स्वयंपाक्याच्या दुधात घातला, आणि आम्ही आठ जण टिनच्या मगांतून केशरी दूध पीत चांदण्यात बसलो. खेमराजनं दोन मग प्यायले. "हमारे यहाँ ऐसा नहीं बनता," तो म्हणाला, आणि तिसरा मग भरला.

त्याच्याकडच्या रीती वेगळ्या. डोंगराकडे बोट दाखवायचं नाही, पूर्ण हात उघडून दाखवायचा. वर निघायच्या आधी तो दगडांवर धूप जाळतो, थोडे अक्रोड ठेवतो, आणि मनातल्या मनात डोंगराला विचारतो. मी विचारलं, डोंगर काय सांगतो? "कभी-कभी मना करता है," तो अगदी सहज म्हणाला. "तब हम नहीं जाते."

वरचा तळ

वरचा तळ म्हणजे नुसते दगड. गवत संपलं, आवाज संपले. पाणीसुद्धा पहाटे गोठायचं. आदल्या दुपारी पोचलो तेव्हा बुटाची नाडी बांधायलाही मला दोनदा थांबावं लागलं. पण समोर तो टिब्बा आता डोळ्यांच्या पातळीला येऊ पाहत होता, आणि डाव्या हाताला आमचं शिखर, उतरत्या उन्हात गुलाबी. मी हात उघडून त्याला दाखवला. म्हटलं, उद्या रात्री येते.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी.

सकाळी न्याहारीला मी म्हटलं तंबूत बिस्किटं खाल्ली. हे खोटं होतं. खरंच सांगते, ते तोंडातून इतकं सहज गेलं की माझं मलाच नवल वाटलं. मग बर्फाच्या पट्ट्यावर सराव होता. बुटांखाली लोखंडी काटे बांधून चालायचं, घसरलं तर कुऱ्हाड बर्फात रोवून स्वतःला थांबवायचं. ती पोरं हसत-खिदळत घसरत होती, आणि तंबूत बसवेना म्हणून आलेल्या मालूताईही काटे बांधून सरळ चालत होत्या. मी घसरले, थांबले, आणि माझा आनंद मावेना. अगं बाई, मी बर्फावर थांबले! दुपारी डब्यातले पराठे मी जॅकेटच्या खिशात सारले. तिथे एका धनगराचा केसाळ कुत्रा होता. तो उरलेला दिवस माझ्या खिशाला नाक लावून माझ्यामागे फिरला.

मालूताईंनी कुत्र्याकडे पाहिलं, मग खिशाकडे, मग माझ्याकडे.

"आज काय आहे?"

"चतुर्थी," मी म्हटलं. विचारल्यावर मात्र मला खोटं बोलवेना.

"तुला वेड लागलंय का? काहून असं केलंस तू?" रागावल्या की त्यांचं नागपूर वर येतं. त्यांनी माझं बोट ऑक्सिमीटरमध्ये घातलं. आकडा सकाळपेक्षा बराच उतरला होता. डोकंही दुखत होतं, ते मी सांगितलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता खा."

"सव्वाआठला खाते. चंद्र दिसला की लगेच. तुमच्या आईची चतुर्थी आहे, मालूताई. मोडू कशी?"

"सव्वाआठ," त्या म्हणाल्या. " त्यानंतर मी खेमराजला सांगणार." ठरलं. कारण खेमराज नऊ वाजता येऊन प्रत्येकाला बघणार होता, आणि कोण वर जाणार ते तेव्हाच ठरणार होतं. मला मनातून पक्कं होतं, सगळं वेळेत होईल.

अंधार पडला. मी तंबूबाहेर दगडावर पूर्वेकडे तोंड करून बसले, वाटीत गूळ-खोबरं, अंगावर असतील नसतील तेवढे कपडे. आभाळ इतकं स्वच्छ की चांदण्या अंगावर पडतील असं वाटत होतं. सव्वाआठ झाले. समोर पूर्वेचा डोंगर काळा उभा. साडेआठ. त्याच्या वरच्या कडेला जरासा राखी उजेड, पण चंद्र नाही. मला तेव्हा उमगलं. कॅलेंडरातला चंद्र सपाट जमिनीवरून उगवतो. पाण्याच्या टाकीमागून डोकावतो तो भोपाळचा. इथे त्याला अख्खा डोंगर चढून यायचा होता, आणि त्याला किती वेळ लागेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोटात खड्डा, डोक्यात घण. आणि आयुष्यभराची हौस त्या काळ्या कडेला लटकलेली.

डोक्यावरचा दिवा हलवत खेमराज आला. मालूताई उभ्या राहिल्या.

"खेमराजभाई, इसने सुबह से कुछ नहीं खाया है."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की काय सांगू. सख्खी नणंद! पण त्यांनी नजर वळवली नाही.

"क्यों, दीदी?" खेमराजनं विचारलं. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं.

"चौथ है हमारी. चाँद देखे बिना नहीं खाते."

"आज मेरी घरवाली की भी है. नीचे गाँव में भूखी बैठी होगी, मेरे लिए," तो म्हणाला. "पर आप उधर क्या देख रही हैं?"

"चाँद उधर से ही तो निकलेगा."

"निकल गया," तो म्हणाला. "पीछे देखिए."

मी मागे वळले.

हनुमान टिब्बा पेटला होता. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. टोकापासून खांद्यांपर्यंत पांढराशुभ्र, आणि खाली आम्ही सगळे अजून मिट्ट काळोखात. चंद्र आम्हाला दिसत नव्हता, पण त्याला दिसत होता. आणि तो उजेड हलत होता! बघता बघता खांद्यांवरून छातीवर, छातीवरून खाली, बर्फाची एकेक घडी उजळत तो सावकाश उतरत येत होता. जराही आवाज नाही. एवढी मोठी गोष्ट घडते आहे आणि आवाज नाही, याचंच मला रडू फुटलं. मी संध्याकाळभर त्याच्याकडे पाठ करून बसले होते. भोपाळच्या छतावर आम्ही सगळ्या जशा बसतो तशीच.

"हमारे गाँव में चाँद बहुत देर से आता है," खेमराज हळू म्हणाला. "माँ कहती थी, पहाड़ ने देख लिया तो समझो तुमने देख लिया."

"पण मला उजेड दिसला," मी पुटपुटले. "चंद्र कुठे दिसला?"

"उज्वला," मालूताई म्हणाल्या, "व्रत कुणाचं? आईचं. मुलगी कोण? मी. मी सांगते, सुटलं."

त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, आणि जिनं जन्मात एक चतुर्थी केली नाही ती माझी नणंद त्या डोंगराला नैवेद्य दाखवून आरती म्हणायला लागली. अर्ध्यावर शब्द विसरली. खेमराजनं आपली टोपी काढली होती. मी खोबरं तोंडात घातलं, आणि ते इतकं गोड लागलं की मला सासूबाई समोर उभ्या दिसल्या.

मग मी डाळ-भात जेवले, दोनदा वाढून घेतला. हात पुसले आणि म्हटलं, "किती वाजता निघायचं?"

"आप नहीं जाएँगी, दीदी," खेमराज म्हणाला. "खाना अभी खाया है, काम कल करेगा. और तीसरी बात याद है ना?"

मी भांडले. विनवलं. एक दिवस थांबता येईल का विचारलं. हवा परवा बिघडणार होती. त्याचं तोंडही उतरलं होतं, पण तो हलला नाही. आणि मला कळत होतं की मी त्याच्या जागी असते तरी हेच केलं असतं. याचाच जास्त राग आला.

"मग मीही जात नाही," मालूताई म्हणाल्या. "मी काय, तंबूत बसायलाच आले होते."

"जायचं," मी ओरडले. "दोघींनी बसून काय टिपऱ्या खेळायच्या? माझे पाय नाहीत ना? मग तुमचे न्या."

सकाळ

खेमराजनं मालूताईंचा आकडा बघून होकार दिला, आणि रात्री दीडला ते सगळे गेले. मला झोप लागली ती थेट उजाडेपर्यंत. बाहेर आले तर स्वयंपाक्यानं हातात चहा दिला आणि उघड्या हातानं वर दाखवलं. शिखराखालच्या बर्फावर ठिपके, एका दोरात ओवलेले, मुंगीहून सावकाश. सगळ्यात पुढच्या ठिपक्यामागे एक उंच ठिपका होता. ती चाल मी कुठेही ओळखली असती. वॉर्डात राउंड घेतल्यासारखी.

मग मी टिब्ब्याकडे पाहिलं. त्याच्या उजव्या खांद्यावर, लख्ख उन्हात, चंद्र होता. फिकट, एका बाजूनं झिजलेला, पण अख्खा दिसणारा. रात्रभर चढून शेवटी पोचला होता बिचारा. मी चहाचा मग खाली ठेवला आणि हात जोडले. तेव्हा मला खरंच काही कमी वाटलं नाही. थोडं वाटलं, पण ते नंतर.

दुपारी मालूताई उतरल्या. चेहरा उन्हानं भाजलेला, ओठ फुटलेले. माझ्याजवळ येऊन दगडावर बसल्या आणि बूटसुद्धा काढेनात.

"वर काय दिसलं?" मी विचारलं.

"चंद्र," त्या म्हणाल्या. "दिवसाढवळ्या. माझ्या समोर, माझ्या उंचीवर." आणि ती सुईसारखी जीभ अडखळली. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. "आईनं आधी मला विचारलं होतं गं. मी नाही म्हटलं, आणि तिनं परत कधी विचारलं नाही. ती चतुर्थी माझी होती, उज्वला. माझी मला दे."

"अख्खी नाही देणार," मी म्हटलं. "इतकी वर्षं सांभाळली आहे. एका महिन्याची तुमची, एका महिन्याची माझी."

कुत्रा माझ्या खिशाशी आला. पराठे अजून तिथेच होते. आम्ही तिघांनी ते वाटून खाल्ले.

हे लिहिते आहे तेव्हा आम्ही पुन्हा मनुआभान टेकरीवर जाऊ लागलो आहोत. डाळ-तांदळाची पिशवी, तेच बूट, आता मऊ. खेमराजला फोन करून सगळं आधीच सांगितलं आहे, काही लपवलं नाही. यंदाही आम्ही मुद्दाम तीच तुकडी घेतली, वरच्या तळावर चतुर्थी येणारी. या वेळची ती मालूताईंची आहे. त्या वाटी घेऊन टिब्ब्याकडे तोंड करून बसणार आहेत, आणि मी त्यांच्या देखत तिन्ही वेळा पोटभर जेवून वर जाणार आहे.